रोड बाइकचं हँडल उंच करताना या चुका टाळा

रोड बाइकचं हँडल वर घ्यायला ४ आणि ५ मिमीची अ‍ॅलन की आणि पंधरा-वीस मिनिटं पुरतात. म्हणून बहुतेक जण हे काम घरीच करतात आणि हँडल वर जातंही. मग घाटाच्या पहिल्याच उतारावर पुढचा ब्रेक दाबला की हँडलखालून ‘टक्’ असा आवाज येतो, नाहीतर वळण घेताना मागचा गिअर आपोआप उडी मारतो. या तक्रारींचं मूळ बहुधा एकच असतं : कुठला बोल्ट काय धरून ठेवतो आणि वायर पुरते का ते न बघताच की लावलेली असते.

दुखणं हँडलचंच आहे ना?

सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर शरीर सतत पुढे घसरतं आणि ते थोपवायचं काम हातांवर येतं. तळव्यांना मुंग्या येतात आणि दोष हँडलवर जातो. अशा वेळी हँडल कितीही वर घ्या, फरक पडत नाही. मोबाइलमधला लेव्हल सीटवर ठेवून आधी ती सपाट करा. सीट गरजेपेक्षा उंच असेल तरी हँडल खालीच वाटतं. पेडल मारताना कंबर दोन्ही बाजूंना डोलत असेल तर आधी सीट ५-१० मिमी उतरवून बघा.

हँडलपर्यंतचं अंतर कमी करायला सीट पुढे सरकवणं ही त्याहून वाईट सवय. सीटची जागा गुडघ्यावरून ठरते, हातांवरून नाही. ती सरकवली की मानेचं दुखणं गुडघ्यात जातं.

आता माप घ्या. सायकल सपाट फरशीवर भिंतीला टेकवा. जमिनीपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची आणि जमिनीपासून हँडलच्या वरच्या आडव्या भागापर्यंतची उंची मोजा. दोन्हींतला फरक लिहून ठेवा. तो लिहिलेला नसेल तर तीन बदलांनंतर आपण कुठून निघालो होतो तेच आठवत नाही. एका वेळी १० मिमी बदला, मग दोन-तीन राइड तसंच चालवा. एकदम ४० मिमी वर घेतलं की काय बरं वाटलं आणि काय बिघडलं ते वेगळं कळत नाही.

स्पेसर की उलटा स्टेम?

आजच्या बहुतेक रोड बाइकला थ्रेडलेस (बिनआट्यांचा) हेडसेट असतो; हेडसेट म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची नळी, म्हणजे स्टिअरर, फ्रेमच्या पुढच्या नळीतून, म्हणजे हेडट्यूबमधून, वर येते आणि स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, तिला बाहेरून पकडतो. स्टिअररचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६ मिमी. स्टेमच्या वर स्पेसरच्या रिंगा असतील तर त्या खाली घेणं हा सगळ्यात सोपा उपाय. इथे एक गोष्ट सुटते : स्टिअरर तिरका असतो, साधारण ७३ अंशांत. त्यामुळे ३० मिमीचे स्पेसर खाली घेतले तर हँडल सुमारे २९ मिमी वर जातं आणि जवळजवळ ९ मिमी मागेही येतं. उंची आणि जवळीक दोन्ही मिळतात. त्यामुळे त्याच दिवशी आखूड स्टेम विकत आणायची घाई नको.

स्टेमच्या वर रिंगाच नसतील तर स्टेम उलटा करून बघा. त्यावर ६ किंवा ७ अंश असं छापलेलं असतं. १०० मिमीचा, ६ अंशांचा स्टेम उलटवला की हँडल सुमारे २० मिमी वर आणि ६ मिमी जवळ येतं, तेही एक पैसा खर्च न करता. लोगो उलटा दिसतो म्हणून पुष्कळ जण हे टाळतात. साडेतेरा तासांच्या मुदतीत २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) करणाऱ्याने लोगोपेक्षा मानेकडे बघावं. यापेक्षा जास्त उंची हवी असेल तर १७ अंशांचा स्टेम मिळतो. १०० मिमीच्या लांबीत, वर वळवून लावला तर तो खाली वळलेल्या ६ अंशांच्या स्टेमपेक्षा साधारण ३७ मिमी जास्त उंची देतो. नवा स्टेम घेण्याआधी हँडलचा मधला व्यास मोजा. आजकाल बहुधा ३१.८ मिमी असतो, जुन्या बारवर २६ किंवा २५.४. पत्र्याचा तुकडा घालून २५.४ चा बार २६ च्या स्टेममध्ये बसवणारे सायकलवाले भेटतात; त्यांना नमस्कार करून पुढे जा.

वरची टोपी हँडल धरत नाही

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. स्टेमच्या माथ्यावर एक टोपी आणि तिच्या मधोमध एक बोल्ट असतो. तोच मुख्य बोल्ट असं वाटतं, म्हणून हँडल जरा हललं की लोक तो करकचून आवळतात. खरं तर त्याचं काम हेडसेटच्या बेअरिंगवर योग्य दाब आणणं, एवढंच. स्टेमला स्टिअररवर धरून ठेवतात ते बाजूचे दोन बोल्ट. बाजूचे आवळलेले असताना टोपी कितीही पिळली तरी दाब बदलत नाही. फार तर टोपी तडकते, नाहीतर नळीतला स्टार नट (टोपीचा बोल्ट ज्यात बसतो तो आत ठोकलेला नट) वर ओढला जातो.

उघडताना बाजूचे बोल्ट सैल करा आणि टोपी काढा. दुसरा हात फोर्कवर हवाच. सायकल स्टँडवर टांगलेली असेल तर स्टेम निघताच फोर्क खाली घसरतो, आणि जुन्या हेडसेटमधले सुटे छर्रे फरशीभर पसरतात. वरच्या बेअरिंगवर एक फट असलेली निमुळती रिंग असते. ती झाकणाला चिकटून वर येते आणि परत बसवताना उलटी लागते किंवा टेबलावरच राहते. ती नसेल तर हेडसेटचा खडखडाट काही केल्या जात नाही.

बसवताना क्रम महत्त्वाचा. स्पेसर, स्टेम, टोपी. बाजूचे बोल्ट अजून सैलच. टोपीचा बोल्ट अ‍ॅलन कीची लांब बाजू भोकात घालून, आखूड बाजू दोन बोटांनी धरून फिरवा. मग पुढचा ब्रेक दाबा, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या फटीवर ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. बोटांखाली ‘टक्’ जाणवलं तर पाव फेरा आणखी. हँडल ९० अंश वळवून पुन्हा तपासा, म्हणजे ब्रेकचा खेळ (ढिलेपणा) हेडसेटच्या माथी मारला जात नाही. आता पुढचं चाक उचला. हँडल आपल्या वजनानं सहज एका बाजूला कललं पाहिजे. अडखळत असेल तर दाब जास्त झालाय. हे जमलं की स्टेम चाकाच्या रेषेत आणा आणि मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळा.

किती आवळायचे? बहुतेक स्टेमवर ५ एनएम (न्यूटन-मीटर) असं छापलेलं असतं. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) नसेल तर ताणकाटा चालतो : बोल्टपासून १० सेमीवर, कीला काटकोनात आकडा अडकवून ५ किलोपर्यंत ओढा. साधारण तेवढाच जोर पडतो. घरगुती अंदाजाने लोक याच्या दुप्पट आवळतात आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. हँडल धरणाऱ्या पुढच्या प्लेटचे चार बोल्ट तिरक्या जोडीने, थोडे थोडे करून आवळा आणि वरची-खालची फट सारखी ठेवा. काही कंपन्यांच्या प्लेटला वरची कड आधी पूर्ण मिटवायची असते. प्लेटवर तसं छापलेलं असतं.

टोपीखालची ३ मिमी

सगळं क्रमाने केलं तरी खेळ जात नसेल तर टोपी काढून आत डोकवा. स्टिअररची कड सगळ्यात वरच्या रिंगेपेक्षा, किंवा रिंग नसेल तर स्टेमच्या माथ्यापेक्षा, साधारण ३ मिमी खाली हवी. कड त्याच पातळीवर किंवा वर आली असेल तर टोपी स्टेमला दाबायच्या ऐवजी स्टिअररवरच टेकते.

नवा स्टेम लावल्यावर हे हटकून होतं. जुन्या स्टेमची स्टिअररवरची उंची ४२ मिमी होती आणि नव्याची ३८ असेल, तर नळी ४ मिमी वर येते आणि ३ मिमीची फट संपते. उपाय ५ मिमीची एक रिंग, बस्स. उलट प्रकार जास्त धोक्याचा. स्टिअरर आधीच आखूड कापलेला असतो, तरी उंचीच्या हव्यासापायी खाली जादा रिंगा घालतात. मग स्टेमचा वरचा बोल्ट नळीच्या वर, पोकळीवर आवळला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. असा स्टेम उतारावर सुटू शकतो.

आखूड स्टिअररसाठी वर जोडायचे एक्स्टेंडर मिळतात. स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या स्टिअररवर, सूचना वाचून लावले तर ठीक. कार्बनच्या स्टिअररवर नको. कार्बनचे नियम एकूणच कडक असतात. स्टेमखाली किती स्पेसर चालतील याची मर्यादा फोर्कची कंपनी देते, अनेकदा ३० ते ४० मिमी. नळीत स्टार नट ठोकायचा नाही, प्रसरण पावणारा प्लग घालायचा, आणि हँडल वर घेतल्यावर तो प्लग स्टेमच्या पकडीच्या बरोबर आत येतोय का ते बघायचं. प्लग खाली राहिला तर स्टेम आतून आधार नसलेली नळी चिरडतो. पकडीच्या जागी ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा.

जुना स्टेम : रेघेच्या वर नको

जुन्या रोड बाइकला स्टेमचा दांडा नळीच्या आत जातो आणि खालच्या पाचरीने पकड घेतो. त्याला क्विल स्टेम म्हणतात. इथे उंची वाढवणं फारच सोपं, म्हणून चुकाही बिनधास्त होतात. माथ्यावरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा. तो थोडा वर येईल. त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका द्या. पाचर सुटल्याचा आवाज येतो आणि दांडा मोकळा होतो. बोल्ट पूर्ण काढून ठोकू नका, पाचर आतच राहते.

दांड्यावर कमाल उंचीची रेघ कोरलेली असते. ती नळीबाहेर दिसता कामा नये. रेघ पुसली असेल तर किमान अडीच इंच दांडा आत हवा. यामागे कारण आहे. अशा स्टिअररच्या वरच्या भागाला आटे पाडलेले असतात आणि तिथे नळीची भिंत पातळ असते. दांडा फार वर ओढला की पाचर नेमकी त्या भागात फुगते आणि नळी आतून फाटते. जास्त उंची हवी असेल तर निट्टोच्या टेक्नोमिकसारखा लांब दांड्याचा स्टेम घ्या. व्यास व्हर्नियरने मोजून घ्या. बहुतेक ठिकाणी २२.२ मिमी असतो, पण सगळीकडे नाही.

कोकणात, मुंबईत हा दांडा बाहेरच येत नाही अशीही तक्रार असते. स्टीलच्या नळीत अ‍ॅल्युमिनियमचा दांडा, त्यात खारी हवा, घाम आणि चार पावसाळे, की दोन्ही धातू एकमेकांना धरतात. चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळत बसण्याआधी सायकल उलटी करा, फोर्कच्या खालच्या भोकातून गंज सोडवणारं तेल आत सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. निघाल्यावर दांडा पुसून, ग्रीस लावूनच परत घाला.

वायर आखूड पडतात

हँडल २० मिमी वर गेलं तर वायर बहुधा पुरतात. ३०-४० मिमी झालं की हमखास ताणतात. राइडला निघण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. आउटर, म्हणजे वायरवरचं आवरण, ताठ होता कामा नये आणि ब्रेकचे पॅड हलता कामा नयेत. मग मागचं चाक उचलून पेडल फिरवा आणि फिरवतानाच हँडल वळवा. गिअर खडखडला किंवा चेन उडाली तर आउटर बदला. बॅरल अ‍ॅडजस्टर (वायरचा ताण बदलणारा स्क्रू) फिरवून हे जात नाही. गिअरचं आउटर ब्रेकला कधीच लावू नका : त्याच्या तारा लांबीला समांतर असतात, जोरात ब्रेक दाबला की ते फाटतं. ब्रेकच्या आउटरमध्ये तार गुंडाळलेली असते. दुकानात दोन्ही काळीच दिसतात, टोक बघून घ्या.

हेडसेटमधूनच नळ्या जाणाऱ्या नव्या हायड्रॉलिक सायकलींत साधा स्टेम बदलायलाही कधी कधी ब्रेकची नळी सोडून ऑइल ब्लीड करावं (आतली हवा काढून पुन्हा भरावं) लागतं. तिथे आधी दोन अर्धुकांत उघडणारे स्पेसर आपल्या मॉडेलला मिळतात का, ते विचारा.

हूड वर वळवणं, फ्लॅट बार वगैरे

स्टेमला हात न लावता बारच वर फिरवून हूड (ब्रेक लिव्हरवरची रबरी पकड) उंच करणं ही मोफतची युक्ती. थोडी चालते, जास्त केली की मनगट वाकतं आणि ड्रॉपमधून (हँडलच्या खालच्या वळणातून) ब्रेक लिव्हरपर्यंत बोटं पोचत नाहीत. स्टेम उलटवल्यावर मात्र बार पुन्हा फिरवून हूडचा मूळ कोन आणावाच लागतो. रात्री चालवत असाल तर दिव्याचा झोतही तपासा, तो आता समोरच्याच्या डोळ्यांत जात असेल.

फ्लॅट बार बसवायचा विचार खर्चिक आहे. रोडचे ब्रेक-गिअर लिव्हर त्या नळीवर बसत नाहीत, आणि एमटीबीचे व्ही-ब्रेक लिव्हर रोड कॅलिपरला जास्त वायर ओढतात. म्हणजे लिव्हरही नवे.

हँडल फार वर गेलं की वजन मागे जातं. अरुंद सीट टोचायला लागते, खड्ड्याचा दणका थेट कमरेत बसतो आणि चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. तसं झालं तर १० मिमी खाली या. आणि स्पेसरची मर्यादा संपली, स्टेम १७ अंशांचा झाला, तरी मान दुखतेच, तर फ्रेमची स्टॅक उंची (पेडलच्या धुऱ्यापासून हेडट्यूबच्या माथ्यापर्यंतची उभी उंची) बघा. जायंटच्या टीसीआर आणि डिफाय, किंवा स्पेशलाइज्डच्या टारमॅक आणि रुबे यांच्या तक्त्यांत एकाच साइजपुढचे स्टॅकचे आकडे शेजारी ठेवा. रेसिंग फ्रेमची हेडट्यूब मुळातच बुटकी असते, आणि तेवढा फरक रिंगा रचून भरून निघत नाही.