प्लग काळा पडला होता, दोष फिल्टरचाही निघाला

सोलापुरात सात रस्ता चौकात दुचाकी दोनदा बंद पडली, तेव्हाच ठरवलं, स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग, आपणच बघायचा. रात्रभर इंजिन गार होऊ दिलं. आधी प्लगभोवतीची धूळ फुंकून काढली. सोलापूरची ही बारीक धूळ सिलिंडरमध्ये गेली तर आत ओरखडे पडतात. प्लग उघडला, तर टोक कोरड्या काजळीनं काळंकुट्ट! म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर पाहिला, धुळीनं गच्च. तोही बदलला.

नव्या प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासली, ०.७ मिमी, गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे. आटे हातानंच बसवले, वॉशर टेकल्यावर पान्यानं फक्त अर्धा फेरा. इथं जोर लावू नका. प्लग बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, आटे गेले की खर्च मोठा.

पहिल्याच किकला सुरू झाली. विजापूर वेशीपर्यंत जाऊन आलो, एकदाही अडखळली नाही.