आधी पणजोबा काढा, मग सेनापती

परग्रहावरचं पात्र काढायला घेतलं की बहुतेकांचा हात आधी रंगाकडे जातो. कातडी निळी, डोळे पिवळे, कानांना टोकं, झालं काम. खालचं शरीर मात्र जिमला जाणाऱ्या माणसाचं. मालिकावाल्यांचं मी समजू शकते. नट माणूसच असतो, त्याच्या कपाळावर वळ्या चिकटवण्यापलीकडे मेकअपवाला तरी काय करणार? पण आपल्या हातात पेन्सिल आहे. आपल्याला कसली अडचण?

माझी पद्धत अशी की पात्राच्या आधी त्याचा पणजोबा काढायचा. काही कोटी वर्षांपूर्वीचा, कपडे नसलेला, बोलता न येणारा, कशाच्या तरी मागे धावणारा किंवा कशाला तरी घाबरून पळणारा. अंगठ्याएवढं स्केच पुरतं. मग त्याच पणजोबापासून निघालेले आणखी दोन प्राणी काढायचे, एक पोहणारा आणि एक उडणारा. पृथ्वीवर हेच झालंय. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचं वल्हं, तिन्हींत वर एक हाड, खाली दोन, मग मनगटाची बारकी हाडं आणि पुढे बोटं. कॅनडाच्या उत्तर टोकाला 2004 मध्ये सापडलेल्या टिकटालिक या सुमारे 37.5 कोटी वर्षांपूर्वीच्या माशाच्या परांमध्येही या मांडणीची सुरुवात दिसते. उत्क्रांती सहसा जुनंच ताणून, वाकवून वापरते. जिराफाच्या मानेतही मणके सातच, तुमच्या-माझ्याइतकेच.

आता एक पात्र समोर ठेवू. सहा फुटी सेनापती, चार हात, निळी कातडी, कपाळावर शिंगं, गुडघे मागे वळलेले. कॅननमध्ये, म्हणजे मूळ कथेत, एवढं दिलंय आणि त्याला हात लावायचा नाही. फॅन-आर्टची, म्हणजे दुसऱ्याने घडवलेल्या आवडत्या पात्राची चित्रं काढण्याची, गंमतच ती. दिलेलं मान्य करायचं आणि हे असं का झालं असेल ते उलट्या दिशेने शोधत जायचं.

चार हात आणि दोन पाय, म्हणजे पणजोबा सहापायी. आपल्याकडे मणके असलेल्या प्राण्यांचा हिशोब चारावर ठरला. म्हणून पक्षी, वटवाघळं आणि टेरोसॉर (डायनोसॉरच्या काळातले उडणारे सरपटणारे प्राणी) या तिघांनाही पंखांसाठी पुढचे पाय खर्ची घालावे लागले. सेनापतीच्या ग्रहावर हिशोब सहाचा असेल, तर त्याचं वाहन, त्याचं पाळीव जनावर, स्वयंपाकघरात टांगलेला प्राणी, सगळेच सहापायी हवेत. त्याच्या शेजारी नेहमीचा घोडा उभा केलात, तर तो घोडा कोणी आयात केला हेही सांगावं लागेल.

खांद्यापाशी मात्र घाई करू नका. हात पाठीवरच्या पात्यासारख्या हाडापासून सुरू होतो आणि ते पातं बरगड्यांवरून सरकतं. एक हात हळूहळू वर न्या आणि दुसऱ्या हाताने पाठ चाचपा. हात पूर्ण वर गेला की पात्याचं खालचं टोक काखेच्या दिशेने गेलेलं लागेल. खालच्या हातांनाही असंच पातं हवं, छातीच्या स्नायूची दुसरी जोडी हवी आणि या सगळ्याला सरकायला जागा हवी. माणसाच्या धडावर बरगड्यांच्या खाली नुसते दोन हात चिकटवले तर ते पोटाच्या मऊ भागात येतात. त्यांना धरायला तिथे काहीच नसतं.

यावर दोन तोडगे आहेत. एक म्हणजे खालच्या जोडीला पूर्ण पातं द्यायचं, छातीचा पिंजरा जवळजवळ दीडपट लांबवायचा आणि कंबर आखडायची. दुसरा म्हणजे ती जोडी मधल्या पायांपासून आलीय असं धरायचं आणि तिला आपल्या कमरेच्या हाडांसारखं, कण्याला घट्ट बसलेलं कडं द्यायचं. मग ते हात डोक्यावर जाणार नाहीत, पण ओझं भरपूर उचलतील. मला दुसराच आवडतो, कारण त्यातून माणूस दिसायला लागतो. वरचे हात लिहिणारे, हातवारे करणारे, लांब बोटांचे. खालचे जाड पंजाचे, ढाल धरणारे, बोलताना गप्प राहणारे. शिवाय कणा मध्येच जखडला गेल्यामुळे या गृहस्थाला कमरेतून वळून मागे बघता येत नाही. त्याला पूर्ण फिरावं लागतं. दरबारात कोणी मागून हाक मारली की तो कसा वळेल ते काढून बघा, अर्धा रुबाब तिथेच येतो.

मागे वळलेले गुडघे हे प्रकरण गैरसमजाचं आहे. कुत्रा, घोडा, शहामृग यांच्या पायात उलटा वाटणारा सांधा हा घोटा असतो. गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. त्यामुळे माणसाची मांडी आणि नडगी तशीच ठेवून खाली एक जास्तीचा तुकडा जोडू नका. मांडी आखूड करा, पावलाची हाडं लांबवा, टाच हवेत उचला. असा पाय पळायला उत्तम, पण दोनच पायांवर स्वस्थ उभं राहायला त्रासाचा. म्हणून एक तर बोटं पसरट करा, नाहीतर तोलासाठी शेपूट द्या. शेपूट म्हणजे कण्याचंच पुढे गेलेलं टोक. ती माकडहाडापासून निघते, मुळाशी जाड असते आणि पट्ट्याच्या वर कधीच उगवत नाही.

निळ्या रंगाकडे आता या. मणके असलेल्या प्राण्यांत निळं रंगद्रव्य फारच दुर्मिळ. मॅन्ड्रिल माकडाच्या चेहऱ्यावरचा निळा रंग कातडीतल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंच्या रचनेमुळे दिसतो. रक्त वेगळं. ऑक्टोपसच्या रक्तात तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, ते ऑक्सिजन मिळाला की निळं आणि नसला की जवळपास रंगहीन. सेनापतीला हे रक्त दिलंत तर धाप लागल्यावर त्याचे ओठ फिके पडतील आणि रागावल्यावर कान गडद निळे होतील. न्यू गिनीत हिरव्या रक्ताच्या पाली आहेत, अंटार्क्टिकाच्या समुद्रात रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिनच नसलेले मासे आहेत, तेव्हा निवडीला वाव भरपूर. काहीही निवडा, पण तोच रंग कानांची टोकं, नाकपुड्या, बोटांची पेरं आणि पापण्यांची आतली कड इथे मल्टिप्लाय लेयरवर (चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधला, खालचा रंग गडद करणारा थर) हलकासा, दहा-पंधरा टक्क्यांचा चढवा. आणि कृपा करून जीभही बदला. निळ्या तोंडात गुलाबी जीभ दिसली की सगळी मेहनत वाया.

शिंगांचं पटकन सांगते. बैलासारखी घ्याल तर आत हाड, वर केराटिनचं, म्हणजे नखं ज्याची असतात त्याचं, आवरण आणि आयुष्यभराची सोबत. सांबरासारखी घ्याल तर पूर्ण हाडाची आणि ठरावीक काळाने गळणारी, म्हणजे सेनापती वर्षातले काही आठवडे बोडका. फॅन-कॉमिकला आयता विषय! जड शिंगांना जाड मान लागते, ती विसरू नका.

डोळे समोर असतील तर पणजोबा शिकारी किंवा फांद्यांवरून उड्या मारणारा, बाजूला असतील तर बहुधा चरणारा. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग मात्र मी शास्त्र गुंडाळून ठेवून राखते. नजर कुठे आहे ते कळलं नाही तर भाव मरतो, आणि आपण शेवटी कोणाच्या तरी आवडत्या पात्राचं चित्र काढतोय.

खवल्यांच्या स्त्री-पात्रांना स्तन देण्याची हौस तेवढी आवरा. ते दूध पाजणाऱ्यांचं लक्षण. प्लॅटिपस अंडी घालून दूधही पाजतो, पण त्याला स्तनाग्रं नसतात, दूध कातडीतून पाझरतं.

आकार वाढवताना गॅलिलिओचा 1638 मधला हिशोब लक्षात ठेवा. उंची दुप्पट केली की वजन आठपट होतं, हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे त्याची ताकद, मात्र चौपटच वाढते. म्हणून राक्षसी आकाराच्या पात्राला हत्तीसारखे खांबच लागतात. माणसाला पंख लावून उडवायचाच असेल तर शनीचा चंद्र टायटन याच्यासारखं जग शोधा. तिथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सातव्या हिश्श्याइतकं आणि जमिनीलगतची हवा आपल्यापेक्षा सुमारे चौपट दाट आहे.

सांगाडा जमला की कपडे. शिंगांवरून सदरा ओढता येत नाही, तेव्हा तो समोरून उघडणारा हवा, आणि खालच्या हातांसाठी बाजूला बांधायचे बंद. खुर्चीला शेपटीपुरती फट. चिलखत वरच्या खांद्यांवर सैल आणि खालच्या कड्यावर घट्ट, कारण तिथे काही हलतच नाही. हे झालं की त्याला झोपवून बघा. कुशीवर वळला तर त्या बाजूचे दोन्ही हात अंगाखाली चिरडतात, उताणा झोपला तर शेपूट टोचते. माझा सेनापती पालथा झोपतो, खालचे हात पलंगाच्या दोन्ही बाजूंना लोंबकळत.