विदर्भातील खेड्यात मध्ययुगीन मठाचे अवशेष कसे शोधावेत आणि कसे नोंदवावेत

विदर्भातील एखाद्या खेड्यात तेराव्या-चौदाव्या शतकातील मठ शोधायला निघालेल्या माणसाने उंच भिंती, दरवाजा आणि ओळीने बांधलेल्या खोल्या यांची अपेक्षा प्रथम सोडून द्यावी. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना एका जागी घर करून राहण्याऐवजी अटन, भिक्षा आणि विजन सांगितले होते, त्यामुळे महानुभाव साधकांचा मुक्काम बहुधा आधीपासून उभ्या असलेल्या शिवाच्या, नृसिंहाच्या किंवा भैरवाच्या देवळाच्या पडवीत, आवारात अथवा गावाबाहेरच्या पडक्या वास्तूत होत असे. म्हणूनच येथे ‘मठ’ हा बांधकामापेक्षा जागेच्या रूपाने अधिक टिकला आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील ऋद्धपूर हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू येथेच राहिले, त्यांचे निवासस्थान राजमठ म्हणून ओळखले जाते आणि म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्राची रचना याच गावातील वाजेश्वरी येथे केली. अशा ठिकाणी तेव्हाचे छप्पर क्वचितच शिल्लक असते; शिल्लक असतो तो त्या जागेवरचा ओटा, त्याची दिशा आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेलेला त्याचा संबंध.

कामाची पद्धत नव्याने शोधून काढण्याची गरज नाही, कारण ती मध्ययुगातच आपल्याकडे लिहून ठेवलेली आहे. चौदाव्या शतकातील स्थानपोथीत चक्रधर आणि गोविंदप्रभू जेथे जेथे राहिले त्या जागांची नोंद गावागणिक केलेली आहे: देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला आहे, त्याचे दार कोणीकडे आहे, जगतीच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या कोटाच्या, आत उजवीकडे काय आणि डावीकडे काय, अमुक स्थान कोणत्या कोनाला. दीर्घ मुक्कामाचे अवस्थान, रात्रीपुरत्या मुक्कामाची वसती आणि क्षणभर बसलेले आसन असा भेदही ती करते, इतकेच नव्हे तर परिश्रयाची, म्हणजे शौचाची, जागासुद्धा वगळत नाही. आजच्या अनेक नोंदींत शिल्पाचे बारकाईने वर्णन असते, पण ते गावात नेमके कोठे आहे हे नसते; त्या तुलनेत सहाशे वर्षांपूर्वीचा हा नोंदकर्ता अधिक काटेकोर वाटतो. आपल्या वहीतही प्रत्येक वस्तूची पहिली ओळ दिशेची व संबंधाची असावी आणि वर्णन त्यानंतर यावे.

गावात पाऊल ठेवण्यापूर्वी कागद पाहून घ्यावेत. हेन्री कझिन्स यांनी तयार केलेली मध्य प्रांत व वऱ्हाड यांतील पुरावशेषांची यादी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तीत आपले गाव आहे काय हे पाहावे, परंतु नसल्यास निराश होऊ नये, कारण खेड्यातील साधा ओटा तेव्हाच्या पाहणीकारांच्या नजरेत भरण्यासारखा नव्हता. महसुली कागदांच्या बाबतीत वऱ्हाड आणि नागपूरकडचा भाग यांचा इतिहास वेगळा आहे, हे ध्यानात ठेवावे. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या बाजूला मिसल बंदोबस्त (गावाच्या जमाबंदीची कागदपत्रे), वाजिब-उल-अर्ज (गावातील रूढींची नोंद) आणि निस्तारपत्रक (गावकऱ्यांच्या सामाईक हक्कांची नोंद) हे कागद पाहण्याजोगे असतात. दोन्हीकडे सातबाऱ्यासोबत गाव नमुना ३ मधील दुमाला, म्हणजे इनाम, जमिनींची नोंद मागावी, कारण मठाची वास्तू नाहीशी झाली तरी तिच्या पूजेअर्चेसाठी दिलेले शेत त्या नावाने कागदावर टिकून राहण्याची शक्यता असते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घेतल्यास पुढील सगळी मोजमापे तिच्यावर बसवता येतात.

प्रत्यक्ष पाहणीसाठी तूर निघाल्यानंतरचे आणि ऊन तापण्यापूर्वीचे दिवस, म्हणजे साधारण फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा, सर्वांत सोयीचे. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते आणि गवत सगळे झाकून टाकते. पोलीस पाटील आणि सरपंच यांना भेटून, आपण काय पाहणार व काय करणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे. गुप्तधन शोधणारे लोक खेड्यांत फिरत असल्याने मोजपट्टी घेऊन हिंडणाऱ्या परक्या माणसाविषयी संशय येणे स्वाभाविक आहे. त्यानंतर गावातील एखाद्या जाणत्या म्हाताऱ्या बाईला किंवा आजोबांना सोबत घ्यावे आणि ‘येथे मठ होता काय’ असे न विचारता ‘लग्नात, पोळ्याला, जावळाला नारळ कोठे कोठे फोडता’ असे विचारावे. या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरांत देऊळ, मारोतीचा पार, शेताच्या धुऱ्यावरचा दगड आणि कधीकधी नेमका तो ओटाही येतो.

फेरी पांढरीपासून सुरू करावी. जुनी वस्ती जेथे होती तेथील माती पांढुरकी, राखट असते आणि तिच्यात खापरांचे तुकडे सापडतात. शेतीची काळी माती आणि ही पांढर यांची सीमा वहीत आखून घ्यावी, कारण साधकांची मुक्कामाची जागा अनेकदा या सीमेच्या बाहेरच्या बाजूला असते. नंतर आखर (गुरे जमवण्याची जागा), पांधण (शेतांमधली वाट), नाल्याचा काठ आणि पायविहीर पाहावी. दर्यापूर तालुक्यातील महिमापूरच्या सात मजली विहिरीसारखी भव्य वास्तू प्रत्येक गावात मिळणार नाही, परंतु लहान पायविहिरीच्या कोनाड्यातही देवळाचा एखादा स्तंभशीर्षाचा दगड उलटा बसवलेला सापडू शकतो. सर्वांत जास्त वेळ गढीजवळ घालवावा, असे माझे मत आहे. पाटील-देशमुखांच्या गढ्यांचे वरचे बुरूज पांढऱ्या मातीचे असले तरी त्यांच्या पायात आणि दरवाजाच्या उंबऱ्यात जवळचा तयार घडीव दगड वापरला जाणे सोपे होते.

घडीव दगड दिसताच त्याला ‘हेमाडपंती’ म्हणण्याची घाई करू नये. हेमाद्री पंडित हा महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या काळातील अधिकारी होता, तर अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीच्या मंदिरातील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे त्याच्या कारकिर्दीपूर्वीचा आहे. चुन्याशिवाय, खाच आणि कूस जुळवून रचलेली काळ्या दगडाची भिंत, तुळयांवर पेललेले छत आणि एकावर एक पुढे सरकवलेल्या थरांचा घुमटाकार वितान ही यादवकाळाकडे बोट दाखवणारी लक्षणे आहेत. त्याच भिंतीत चुन्याने भरलेल्या सांधी, चपट्या विटा किंवा खरी कमान दिसली, तर ती दुरुस्ती किंवा भर बहुधा नंतरची समजावी. अलाउद्दीनची १२९६ ची स्वारी एलिचपूर (आजचे अचलपूर) मार्गे देवगिरीवर गेली, पुढे एलिचपूर हे सत्तेचे ठाणे झाले आणि अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. या प्रत्येक काळात डागडुजी झालेली असू शकते, म्हणून एकाच वास्तूला एकच शतक चिकटवण्यापेक्षा भिंतीच्या थरांना क्रमांक देऊन प्रत्येकाचे वेगळे वर्णन लिहावे.

मोजणी करताना लांबी, रुंदी, उंची याबरोबर ओट्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे होकायंत्राने घ्यावे. काळ्या दगडात लोहयुक्त खनिजे असल्याने यंत्र दगडावर टेकवल्यास सुई सरकते. मोबाइलमधील होकायंत्रही त्याला अपवाद नाही. चार पावले दूर उभे राहून दोन ठिकाणांहून वाचन घ्यावे. छायाचित्रात मोजपट्टी असावी, आणि जवळच्या चित्राइतकेच महत्त्व दूरच्या, आजूबाजूचा परिसर दाखवणाऱ्या चित्राला द्यावे. शिलालेख असल्यास सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात तो वाचनीय होतो. खडू, पीठ, तेल किंवा पाणी लावून अक्षरे उठवू नयेत आणि कागदी ठसा घेण्याचे काम पुरातत्त्व विभागावर सोडावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना बहुधा ७९ मिळवावे लागतात. शेंदराच्या थराखाली काय आहे हे पाहण्यासाठी तो खरवडण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा: तो दगड गावाचा देव आहे, आणि शेंदराची कवळ निघताना शिल्पाचा पृष्ठभागही तिच्याबरोबर निघतो.

ज्या स्थानाला आजही नमस्कार केला जातो, तेथील शिस्त वेगळी आहे. चपला बाहेर काढाव्यात, ओट्यावर वही किंवा कॅमेरा ठेवू नये आणि त्यावरील वस्त्र स्वतःच्या हाताने बाजूला करू नये. मोजमाप हवे असेल तर तेथील महंतांना किंवा सेवेकऱ्यांना विनंती करावी. त्यांच्याकडे स्थानाची परंपरा मौखिक असते आणि कधी पोथीतही असते. सकळ लिपीतील, म्हणजे महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील, पोथी दाखवली गेली तर तिचे छायाचित्र परवानगीशिवाय घेऊ नये. परंपरा सांगते ते आणि दगड सांगतो ते, अशी नोंदवहीत दोन वेगळी सदरे ठेवावीत. बांधकाम भोसलेकाळातील आणि परंपरा यादवकाळातील असे आढळले, तरी त्यात विसंगती मानण्याचे कारण नाही, कारण तीच जागा राखून वरचा ओटा पुनःपुन्हा बांधला गेलेला असतो.

खोदकाम कोणत्याही कारणाने करू नये. जमिनीत १० रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आणि विशिष्ट महत्त्वाचे पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. वास्तू केंद्रसंरक्षित असेल तर तिच्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते; ग्रामपंचायत सभामंडप किंवा फरशी बसवण्याच्या विचारात असेल, तर ही माहिती ठराव होण्यापूर्वीच तिच्या कानावर घालावी. तयार झालेल्या नोंदीची एक प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तराला द्यावी. महानुभाव स्थान असेल तर आणखी एक प्रत तेथील महंतांना द्यावी आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मूळ मजकूर न खोडता समासात, तारखेसह, लिहून घ्याव्यात.