वीज मारणारा पाकट: कुळ आणि जात कशी ओळखावी

जेट्टीवर ट्रॉलरचं जाळं मोकळं झालं की पापलेट-सुरमई आधी उचलली जाते आणि मागे उरलेल्या ढिगात कधीतरी एक गोल, मऊ, लिबलिबीत पाकट पडलेला दिसतो. इलेक्ट्रिक रे. याच्या जगभरात साठाहून अधिक जाती आहेत. त्या वेगळ्या काढायला डोळे, एक मोजपट्टी आणि रबरी हातमोजे पुरतात. हातमोजे विसरू नका. अटलांटिकमधला टॉर्पेडो नावाचा मोठा पाकट 220 व्होल्टपर्यंत झटका देतो. आपल्याकडचे लहान असले, तरी मासा निपचित दिसतोय म्हणून तो मेलाय असं धरून चालू नये.

आधी हा वीजवाला आहे का ते पाहा. नेहमीच्या पाकटाची शेपटी चाबकासारखी आणि तिच्यावर काटा. याची शेपटी जाड, आखूड, टोकाला चांगला रुंद पर (माशाचा पंख), आणि काटा नाही. कातडी गुळगुळीत, खवले अजिबात नाहीत. मग मासा उलटा करा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मूत्रपिंडाच्या आकाराचा एकेक भाग दिसेल, पुष्कळदा त्यावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षीही. हीच वीज तयार करणारी इंद्रियं. इटलीचा शास्त्रज्ञ व्होल्टा यानं 1800 मध्ये चकत्यांवर चकत्या रचून पहिली बॅटरी केली, तिला त्यानं कृत्रिम विद्युत-इंद्रिय म्हटलं, ते या माशांवरूनच.

पाठीवरचे पर मोजा. शेपटीवर वरच्या बाजूला दोन पर असतील, एक असेल किंवा एकही नसेल. एकच असेल तर बहुधा नार्के. आपल्या किनाऱ्यावर मिळणारा नार्के डिप्टेरिजिया यातलाच. एकही नसेल तर आग्नेय आशियातला तेमेरा. नावावर मात्र जाऊ नका. ‘डिप्टेरिजिया’ म्हणजे दोन परांचा, आणि याच्या पाठीवर पर एकच! उलट ऑस्ट्रेलियातल्या हिप्नोस मोनोप्टेरिजियसच्या नावात एक पर, प्रत्यक्षात पाठीवर दोन. बारसं करणाऱ्यांनी घातलेला घोळ आपण आजवर निस्तरतोय.

दोन पर दिसले तर तोंड बघा. खरी मेख इथेच आहे, म्हणून घाई करू नका. तोंड मोठं, कमानीसारखं, जबडे बारीक आणि शरीराचा पुढचा काठ सुरीनं कापल्यासारखा जवळपास सरळ असेल, तर टॉर्पेडो कुळ. तोंड लहान, आडवं, त्याभोवती खोल खाच आणि हलकेच ओढल्यावर ते नळीसारखं पुढे येत असेल, तर नार्सिने कुळ. नार्सिनेची शेपटीही लांब, साधारण अंगाच्या गोल चकतीएवढी (शेपटी सोडून उरलेल्या चपट्या अंगाएवढी) किंवा जास्त. लहान तोंडाभोवती खाच उथळ असेल, तर दोन पर असूनही मासा नार्केच्या कुळातला असू शकतो. दक्षिण आफ्रिकेतला इलेक्ट्रोलक्स अ‍ॅडिसोनाय असाच. त्याचं वर्णन 2007 मध्ये झालं. तो भक्ष्य इतक्या जोरात ओढून घेतो की नाव देणाऱ्यांना घरातला याच नावाचा व्हॅक्यूम क्लीनर आठवला. हिप्नोसची शेपटी इतकी चिमुकली असते की तो चुकणं कठीण.

डोळ्यांमागची श्वासरंध्रं. टॉर्पेडोच्या जाती वेगळ्या करताना हा बारकावा फार कामाला येतो. भूमध्य समुद्रातले तिघे घ्या. टॉर्पेडो मार्मोराटाच्या रंध्राच्या काठावर लांब बोटांसारखे उंचवटे असतात, टॉर्पेडो टॉर्पेडोला अगदी बुटके, आणि मोठ्या नोबिलियानाचा काठ गुळगुळीत. टॉर्पेडो टॉर्पेडोच्या पाठीवर बहुधा डोळ्यांसारखे पाच निळे ठिपकेही असतात, पण ते नसले म्हणून तो दुसरा ठरत नाही.

रंग मी शेवटीच पाहतो. अरबी समुद्रात मिळणाऱ्या टॉर्पेडो सिनुसपर्सिसीची जाळीदार नक्षी देखणी असते, पण या एका नावाखाली एकाहून जास्त जाती दडल्या असाव्यात असा अभ्यासकांचा संशय आहे. नार्सिने टिम्लेई साधा तपकिरी, आणि नार्सिने ब्रुनेयाही तपकिरीच. शिवाय बर्फात दोन दिवस पडलेल्या माशाच्या रंगावरून काय कळणार? डोळे मात्र बघा. ते जवळपास नसल्यासारखे असतील आणि मासा खोल पाण्यातला असेल, तर 1898 मध्ये प्राणिशास्त्रज्ञ अल्कॉकनं वर्णन केलेल्या बेंथोबाटिस मोरेस्बीचा विचार करा.

नोंद. पाठ, पोट, तोंड आणि श्वासरंध्र असे चार फोटो, प्रत्येकात मोजपट्टी. एकूण लांबी आणि चकतीची रुंदी लिहा. पोटाकडच्या परांशी दोन दांड्या असतील तर नर. मादी पिलांनाच जन्म देते, तेव्हा पोट फुगीर दिसलं तर तेही लिहा. जाळं कुठे, किती वावावर (किती खोल पाण्यात) टाकलं होतं ते तांडेलाला, म्हणजे नावेच्या प्रमुखाला, तिथेच विचारून घ्या. नंतर ते कोणाला आठवत नाही. जात ठरत नसेल तर ‘नार्सिने, जात अनिश्चित’ एवढंच लिहून फोटो जपून ठेवा.