स्लाइड गिटारचे पहिले आठ महिने

पहिले दोन आठवडे मी बेडरूमचं दार लावून वाजवायचो, तरी स्वयंपाकघरातून आवाज यायचाच. "उतरलाय रे!" आईने लग्नाआधी गाण्याच्या चार परीक्षा दिल्यात. उतरलेला सूर ओळखायला तिला कढईतला झारासुद्धा थांबवावा लागत नाही. मी सहा-सात वर्षं साधी गिटार वाजवत होतो. मित्रांच्या बैठकीत गाण्यांना साथ करण्याइतका हात बसला होता. स्लाइड म्हणजे काय, बोटात एक नळी घालायची आणि तारांवरून फिरवायची. महिन्याभरात जमेल, असा माझा हिशेब होता.

हिशेब कुठे चुकला ते आधी सांगतो, कारण साध्या गिटारवरून येणारा जवळजवळ प्रत्येकजण इथेच पडतो. बोटाने वाजवताना आपण फ्रेटच्या, म्हणजे मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, थोडं मागे दाबतो. तार फ्रेटच्या धातूवर टेकते आणि सूर तिथून ठरतो. बोट चार मिलिमीटर मागे असो की आठ, फ्रेट आपली चूक पोटात घालतो. स्लाइडने आपण तार दाबतच नाही, नळी तिच्यावर नुसती टेकवतो. म्हणजे फ्रेट बाद, आता नळी जिथे असेल तिथे सूर. माझा हात सहा वर्षांच्या सवयीने फ्रेटच्या मागे थांबत होता आणि तेवढाच सूर उतरत होता. नळी बरोबर धातूच्या पट्टीच्या डोक्यावर यायला हवी, दोन फ्रेटच्या मधल्या लाकडावर नाही.

यात डोळ्यांचाही एक घोटाळा आहे. गिटार मांडीवर घेतली की मान आपण वरून आणि तिरकी पाहतो. वरच्या जाड तारेशी नळी फ्रेटवर बसलेली दिसते, पण खालच्या बारीक तारेशी ती वाकडी असते. नळी फ्रेटला समांतर राहिली नाही तर एकाच वेळी वाजवलेल्या तीन तारा तीन वेगवेगळ्या गावच्या लागतात. मी आठवडाभर आरशासमोर बसून वाजवलं. विचित्र दिसतं, पण उपयोग होतो.

डोळ्यांवरचा भरवसा कमी करायला आईनेच एक युक्ती सांगितली. फोनवरचं तंबोऱ्याचं ॲप लावायचं, एकाच तारेच्या स्वरावर. मग ती तार मोकळी छेडायची, डोळे मिटायचे आणि बाराव्या फ्रेटवर जाऊन तार सा लावायचा. लागला असं वाटलं की डोळे उघडून नळी कुठे आहे ते बघायचं. मग सातवा फ्रेट, म्हणजे पंचम. मग पाचवा, म्हणजे मध्यम. रोज दहा मिनिटं, बाकी काही नाही. पहिल्या दिवशी मी बाराव्याऐवजी अकराव्याच्या आसपास मुक्काम केला होता. दीड महिन्याने दहातले सात-आठ बरोबर पडायला लागले. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर असेल तर तो जरूर वापरा, पण वाजवून झाल्यावर पडताळ्यासाठी. वाजवताना त्याच्याकडे बघत राहिलात तर कान सुट्टीवर जातो.

आता नळीबद्दल. नवखे सगळ्यात जास्त वेळ आणि पैसे इथे घालवतात. मीही घालवले. काचेची, पितळेची, स्टीलची, चिनी मातीची, सगळ्या मिळतात. काचेचा आवाज गोल आणि मऊ, धातूचा लख्ख आणि लांब टिकणारा. हा फरक खरा आहे, पण पहिल्या तीन महिन्यांत तो तुमच्या अडचणींच्या यादीत शेवटी येतो. वजन जास्त महत्त्वाचं. फार हलकी नळी तारेवर नीट बसत नाही, मग आपण हाताने दाबतो आणि ती फ्रेटवर खटखट आपटते. आणि हाताला येईल त्या वस्तूची नळी करणं काही नवीन नाही. अमेरिकेत ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, वाजवणारे बाटलीची मान कापून बोटात घालायचे, म्हणून या प्रकाराला बॉटलनेक म्हणतात. ब्लूजचे संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवाइलर स्टेशनवर एका माणसाला तारांवर चाकू दाबून वाजवताना ऐकलं, अशी आठवण त्यांनीच लिहून ठेवली आहे. अमेरिकन रॉक गिटारवादक ड्वेन ऑलमन सर्दीच्या गोळ्यांची काचेची रिकामी बाटली वापरायचा. तिथलाच लोवेल जॉर्ज स्पार्क प्लग उघडायचा सॉकेट, म्हणजे पान्याची गोटी.

ते वाचून मी घराजवळच्या गॅरेजमध्ये गेलो आणि गोटी-पान्याची लांब गोटी मागितली. "कितीची?" मेकॅनिकने विचारलं. मी करंगळी पुढे केली. त्याने एकदा करंगळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि डबाच समोर ठेवला. सतरा नंबरची बसली. आजही मी तीच वापरतो. आधी ऑनलाइन मागवलेल्या दोन देखण्या नळ्या ड्रॉवरमध्ये आहेत. एक इतकी सैल की हात खाली केला की पडते. दुसरी पावसाळ्यात बोटात अडकली आणि साबण लावून काढावी लागली. बाटली घरी कापायच्या भानगडीत मात्र पडू नका. रॉकेलचा दोरा गुंडाळून पेटवायचा आणि पाण्यात बुडवायचा, ही कृती सगळीकडे सांगितली जाते. मी केली. काच तुटली ती दोऱ्याच्या रेषेवर नाही, तिला वाटलं तिथे. अंगठ्यावरची खूण अजून आहे.

कुठल्या बोटात घालायची? मी करंगळी निवडली. त्याने बाकीची तीन बोटं मोकळी राहतात, मधेच साधी कॉर्डही धरता येते. ऑलमन अनामिकेत घालायचा, अमेरिकन गायिका-गिटारवादक बॉनी रेट मधल्या बोटात घालते. म्हणजे नियम नाही. फक्त एक ठरवा आणि सहा महिने बदलू नका.

गिटार कुठलीही चालते, किंबहुना थोडी वाईट असेल तर बरी. माझ्याकडे एक जुनी ॲकूस्टिक पडून होती. तिच्या तारा मानेपासून इतक्या उंच की कॉर्ड धरताना बोटं सोलून निघायची. स्लाइडला नेमकी तीच उंची हवी असते, नाहीतर नळी फ्रेटला लागते. तारा जाड घ्या. सर्वात बारीक तार १३ ची (म्हणजे ०.०१३ इंच जाडीची) असलेला संच मला मानवला. १० च्या संचावर नळी ठेवली की तारा झुल्यासारख्या खाली जातात. आधी असलेली चांगली, तारा खाली बसवलेली गिटार स्लाइडसाठी उंच करून घेऊ नका, ती साध्या वादनासाठी राहू द्या.

आता तारा लावणं, म्हणजे ट्यूनिंग. साध्या ट्यूनिंगमध्येही स्लाइड वाजते, पण सुरुवात मोकळ्या (ओपन) ट्यूनिंगने करा, म्हणजे तारा न दाबता छेडल्या तरी कॉर्ड वाजते. ओपन जी मध्ये सहावी, पाचवी आणि पहिली तार प्रत्येकी दोन फ्रेटइतकी उतरवायची, बाकी तीन आहेत तशा. जाडीकडून बारीककडे डी, जी, डी, जी, बी, डी. पुस्तकात हे वाचून मला काही अर्थबोध झाला नव्हता. आईला वाजवून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "अरे, हा तर प सा प सा ग प." जी ला सा धरा, बस. ओपन डी मध्ये सा प सा ग प सा. आपल्याकडे तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला हे वेगळं शिकवावंच लागत नाही. ओपन ई मध्येही तेच नातं आहे, पण तिथे तीन तारा चढवाव्या लागतात. जाड संचावर मी ते करायला गेलो आणि तिसरी तार घोडीपाशी तुटून गालाला लागली. जाड तारा असतील तर उतरवणारी ट्यूनिंगच बरी.

एकाच तारेवर मोकळा सा धरला तर दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प, नवव्यावर ध, अकराव्यावर नि. कोमल ग तिसऱ्यावर. आणि ब्लूजचा जो दुखरा गंधार आहे तो तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे कुठेतरी. साध्या गिटारवर त्यासाठी तार ओढावी लागते, पियानोवर तो निघतच नाही. स्लाइडवर तो सहज सापडतो आणि सहज हरवतोही. मला वाटतं, मराठी घरातून आलेल्या माणसाला स्लाइडची खरी गोडी इथे कळते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, आपण लहानपणापासून ऐकत असतो, तिला वेगळं नाव असतं हे नंतर कळतं.

आणि हे नातं वरवरचं नाही. तारेवर धातू फिरवून वाजवायची पद्धत हवाई बेटांवर १८८० च्या दशकाच्या अखेरीस रुजली, तिचं श्रेय सहसा जोसेफ केकुकू यांना देतात. हवाईचे ताऊ मो १९४० च्या दशकात सहकुटुंब कोलकात्यात राहिले आणि तिथे हवाईयन गिटारचं वेड पसरायला मोठा हातभार लागला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ली यांनी ती वाजवली. आईला रेडिओवर कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळात लागणाऱ्या गिटारवरच्या गाण्यांच्या धुना आठवतात. मी काय शिकतोय हे तिला सांगितलं तेव्हा तिची पहिली प्रतिक्रिया हीच, "म्हणजे रेडिओवरची ती!" ब्रिजभूषण काब्रा यांनी याच वाद्यावर राग वाजवला. विश्वमोहन भट्ट यांनी त्यात तरफा (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा) घालून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये त्यांना अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर ग्रॅमी मिळालं. कूडर त्या ध्वनिमुद्रणात वाजवतात ती बॉटलनेक. हवाईयन पद्धतीची, काब्रा-भट्टांसारखी मंडळी गिटार आडवी मांडीवर ठेवतात आणि भरीव धातूचा तुकडा वरून धरतात. आपण बोलतोय ती उभी धरलेली, बोटातली नळी. कानाचं काम दोन्हीकडे सारखंच.

आता जो भाग मला आधी कुणी सांगायला हवा होता तो. स्लाइड वाजवण्यात निम्म्याहून जास्त काम आवाज काढायचं नाही, थांबवायचं असतं. नळी सहाही तारांवर टेकलेली असते, त्यामुळे तुम्ही वाजवलेली एक आणि न वाजवलेल्या पाच अशा सगळ्याच कुजबुजायला लागतात. शिवाय नळीच्या मागचा, डोक्याकडचा तारेचा तुकडाही थरथरतो आणि एक भुताटकीचा सूर काढतो. माझी पहिली रेकॉर्डिंग ऐकून मित्राने विचारलं होतं, "मागे मिक्सर चालू आहे का?"

उपाय दोन. डाव्या हाताची नळीमागची बोटं, माझ्या बाबतीत तर्जनी, मधलं आणि अनामिका, तारांवर अगदी हलकी टेकवून नळीच्या मागोमाग न्यायची. दाबायची नाहीत, झोपलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवावा तशी. उजव्या हाताला पिक सोडून बोटांनी वाजवायला शिका. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट तीन तारांवर टेकवून ठेवा. जी वाजवायची तेवढ्यावरचं बोट उचला, छेडा, आणि पुढचा सूर वाजवण्याआधी परत टेकवा. वरच्या जाड तारा तळव्याच्या कडेने किंवा अंगठ्याने गप्प ठेवायच्या. नुसतं हे, स्लाइड न घालता, मी तीन आठवडे केलं. कंटाळवाणं आहे यात शंका नाही. चौथ्या आठवड्यात नळी घातली तेव्हा पहिल्यांदा माझा आवाज स्वच्छ आला. व्हिडिओ बघून शिकताना सगळ्यांचं लक्ष डाव्या हातावर असतं, कॅमेराही तिकडेच. तुम्ही उजवा हात बघा.

व्हायब्रॅटो, म्हणजे सुराभोवतीचं आंदोलन, शेवटी घ्या. सूर आधी नीट लावायचा, क्षणभर सरळ ठेवायचा, मग मनगट सैल सोडून नळी फ्रेटच्या मागे-पुढे सारख्या अंतराने हलवायची. मी सुरुवातीला पोचायच्या आधीच हलवायला लागायचो, कारण हलता सूर उतरलेला आहे की चढलेला ते चटकन कळत नाही. लोकांना नाही कळत. आईला कळायचं. "लपवतोयस," एवढंच म्हणायची.

शेजारच्या काकांनी पाचव्या महिन्यात "आता बरं वाटतं" म्हटलं, ते मी वहीत लिहून ठेवलंय. आई अजून खूश नाही. तिने परवा एक ओळ गाऊन दाखवली, गंधारावरून पंचमावर जाणारी मींड. मधल्या मध्यमावर थांबायचं नाही, पण त्याला न भेटता पुढेही जायचं नाही. मी वाजवलं तर म्हणाली, "ही घसरगुंडी झाली." तेव्हापासून मी चौथ्या आणि सातव्या फ्रेटच्या मधेच अडकून आहे.