टर्बो गाडीला बूस्ट कंट्रोलर बसवताना

यवतेश्वरचा घाट चढताना टर्बोची ओढ ज्याने अनुभवली, त्याला आणखी थोड्या बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेच्या दाबाचा, मोह होतोच. हा दाब वाढवणारा कंट्रोलर बसवणं अवघड नाही. पण होज चुकीच्या नळीला लागला, तर इंजिन जाऊ शकतं.

आधी गाडी तपासा. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच बूस्ट सांभाळतो. तिथे बाहेरचा कंट्रोलर त्याच्याशी भांडत बसतो, त्यापेक्षा रीमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअरच बदलणं बरं. व्हीजीटी (पात्यांचा कोन बदलणाऱ्या) टर्बोच्या डिझेलला हे किट चालत नाही. साध्या स्प्रिंगच्या वेस्टगेटसाठीच (बूस्ट जास्त झाला की एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेसाठी) ते आहे. शिवाय विनापरवाना बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. किटमधला सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) वेस्टगेटच्या जवळ, पण टर्बोच्या धगीपासून लांब बसवा. त्याला तीन नळ्या असतात: कॉम्प्रेसरचा दाब, वेस्टगेट आणि मोकळी हवा. नंबर कंपनीनुसार बदलतात, म्हणून वीज न देता दाबाच्या नळीत तोंडाने फुंका. हवा वेस्टगेटच्या नळीतूनच बाहेर आली पाहिजे. म्हणजे उद्या वायर तुटली, फ्यूज उडाला, तरी स्प्रिंगच्या ताकदीइतका दाब झाला की वेस्टगेट उघडतं आणि बूस्ट मूळ पातळीवर राहतो. हवा मोकळ्या नळीतून आली, तर जोडणी उलटी आहे. तशी गाडी चालूच करू नका. सिलिकॉन होज वापरा, प्रत्येक टोकाला क्लिप लावा.

प्रेशर सेन्सरचा होज थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डवरून घ्या. ब्रेक बूस्टरच्या नळीला हात लावू नका.

वायरिंग सोपं आहे. चावी फिरवल्यावरच येणारा १२ व्होल्ट फ्यूज बॉक्समधून घ्या, किटमध्ये सांगितलेल्या अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका. अर्थिंगला बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट आवळा; इथे हयगय झाली की आकडे नाचतात. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नका, डाग देऊन वर हीट श्रिंक चढवा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर रबरी ग्रोमेटमधूनच न्या.

आता सेटिंग. कंट्रोलर शून्यावर ठेवून आधी नुसत्या स्प्रिंगचा बूस्ट मोजा. समजा, ०.५ बार आला. तिथून ०.०५ बारने चढत जा, दरवेळी एअर-फ्युएल मिश्रण पाहा. खटखट ऐकू आली किंवा मिश्रण पातळ झालं (इंधन कमी पडलं), की लगेच मागे या. ओव्हरबूस्टची मर्यादा आधीच घालून ठेवा. ही चाचणी घाटात किंवा हायवेवर नको. पुण्याला डायनो (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारी यंत्रं) आहेत, तिथे गाडी न्या.

आकडा ठरवताना जरा हात राखून ठेवा. महाबळेश्वर १,३७२ मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि हवाही जास्त तापते.