अपील अडकलंय? तोवर रिफंड वाचवा

आयकराचं अपील निकाली निघायला वर्षं जातात, आणि अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. ज्या करमागणीविरुद्ध अपील केलं, त्या मागणीपोटी पुढच्या वर्षांचे रिफंड वळते होत राहतात, म्हणजे तुम्हाला न मिळता त्यातच जमा होतात. म्हणून अपील दाखल झालं की लगेच:

१. वादातल्या रकमेच्या साधारण 20 टक्के भरून असेसिंग ऑफिसरकडे (तुमचा कर ठरवणारा अधिकारी) वसुलीला स्थगितीचा अर्ज द्या. लेखी आदेश हातात घ्या. तोंडी ‘बघतो’ला काही किंमत नाही.

२. ई-फायलिंग पोर्टलवर ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ उघडा. तिथे मागणी अमान्य असल्याचं नोंदवा, अपिलाचा तपशील भरा. स्थगिती मिळाली असेल तर तेही लिहा. बरेच जण नेमकी हीच पायरी गाळतात.

३. रिफंड वळता करण्याची नोटीस आली तर उत्तराला 21 दिवस असतात. गप्प बसलात तर रक्कम गेलीच म्हणून समजा.

४. पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल स्वतःचा ठेवा. अनेकांच्या खात्यात जुन्या सीएचा ईमेल असतो! सुनावणीची नोटीस तिकडे गेली की अपील एकतर्फी निकाली निघू शकतं.

एक लक्षात असू द्या: स्थगितीने वसुली थांबते, व्याज नाही. हरलात तर थकलेल्या रकमेवर दरमहा 1 टक्का लागतो. जिंकलात तर भरलेले पैसे व्याजासकट परत मिळतात, पण दरमहा अर्ध्या टक्क्यानेच. बाजू लंगडी वाटत असेल, तर 20 टक्क्यांवर न थांबता जास्त भरणं परवडतं.